चौथ्या मजल्याचा दंड

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या ब्रेकवर वर्षानुवर्षं पाय ठेवून बसलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हे मात्र फारसं कोणाला ठाऊक नसतं. मास्तरांचं असं झालं होतं की समोरचा माणूस चुकतोय असं वाटलं की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जाई. समोरचा गाडी चालवत असो, भाजी चिरत असो की नुसता बोलत असो, पाय आपलं काम करी. सिनेमागृहात नायक चुकीच्या मुलीच्या प्रेमात पडू लागला तेव्हा पुढच्या खुर्चीवरच्या गृहस्थांना मास्तरांनी इतक्या जोरात ढोसलं होतं की ते उठून दुसरीकडे जाऊन बसले.

पायामागोमाग तोंड चाले. "क्लच, क्लच, क्लच! आरशात बघा! अहो, आरसा काय भांग पाडायला दिलाय का?" हे दिवसभर बोलून झालं की घरी येतायेता मास्तर शेजाऱ्यांना मुलांच्या शिक्षणाबद्दल, इस्त्रीवाल्याला इस्त्रीबद्दल आणि कुत्र्यांना भुंकण्याबद्दल सल्ला देत. यात त्यांचं काही चुकत होतं असं म्हणता येणार नाही, कारण त्या इमारतीत सल्ला न देणारं माणूस नव्हतंच. तिथे कोणी शिंकलं तर वरच्या मजल्यावरून एक औषध आणि खालच्या मजल्यावरून त्याच्या बरोबर उलटं दुसरं औषध ऐकू येई.

तर मास्तरांच्या शिकवण्याच्या परवान्याचं नूतनीकरण आलं आणि त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागला. मास्तर ऐटीत आरोग्य केंद्रात गेले. डॉक्टरबाईंनी कंबरेभोवती फीत गुंडाळली, मग जरा थांबून ती दुसऱ्या बाजूने ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "श्वास सोडा, काका. पोट आत घेऊन मोजण्यात अर्थ नाही." मास्तरांनी श्वास सोडला आणि फीत बाईंच्या हातून निसटली.

"तुम्हाला मेटाबॉलिक सिंड्रोम आहे," रक्ताचे रिपोर्ट पाहून बाई म्हणाल्या. "म्हणजे एक आजार नव्हे, आजारांचं टोळकं म्हणा. कंबरेचा घेर, रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी आणि चांगलं कोलेस्टेरॉल. या पाचांपैकी तीन बिघडले की त्याला हे नाव देतात."

"माझे किती?"

"पाच."

मास्तरांची मान नकळत ताठ झाली. शाळेत असताना त्यांना कुठल्याच विषयात पैकीच्या पैकी कधी मिळाले नव्हते. पण बाईंच्या चेहऱ्यावर कौतुक दिसेना, तेव्हा त्यांनी मान पुन्हा खाली घेतली.

"तुमचं निस्तरता येईल," बाई म्हणाल्या. "मला काळजी तुमच्या थोरल्या भावाची आहे."

इथे दादांबद्दल सांगायला हवं. मास्तरांचं बिऱ्हाड तळमजल्यावर आणि दादांचं त्याच इमारतीत चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर. दादा एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होते आणि त्यांची खासियत जिने. आयुष्यभर त्यांनी इमारतींचे जिने कागदावर काढले. पायरी किती रुंद, किती उंच, वळण कुठे, कठडा कुठे. अशा माणसाला जिन्यानेच दगा दिला. वर्षभरापूर्वी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर चक्कर येऊन ते पडले. हाडं शाबूत राहिली, पण हिंमत मोडली. त्या दिवशी त्यांना उचलून वर नेलं ते वरच. इमारतीला लिफ्ट नव्हती. लिफ्टची परवानगी कुठल्यातरी ऑफिसात कुठल्यातरी साहेबाच्या सहीसाठी इतकी वर्षं थांबली होती की दरम्यान ते साहेब निवृत्त झाले होते.

"त्यांचे रिपोर्ट वहिनी घेऊन येतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दर खेपेला आकडे वर. मी घरी जाऊनही तपासलंय. हळूहळू जिना उतरणं त्यांना झेपेल, मनाला झेपत नाही इतकंच. पण असेच बसून राहिले तर एखाद दिवशी झटका हृदयाला येईल नाहीतर मेंदूला. गोळ्या मी देतेच, पण नुसत्या गोळ्या किती पुरणार? त्यांना खाली आणा."

त्यांना खाली आणायचं म्हणजे काय, हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं. वर्षभर सगळी इमारत त्याच उद्योगाला लागली होती. मास्तर अधूनमधून वर जाऊन तासभर समजावत. सोसायटीचे चेअरमन येऊन इच्छाशक्तीवर बोलत. एका शेजारणीने डोळे मिटून उतरायला सांगितलं होतं, दुसरीने उलट्या पावलांनी. दादा सगळ्यांचं ऐकून घेत आणि शेवटी दार लावून घेत. अलीकडे तर ते बेल वाजली तरी उठत नसत.

मास्तर बाहेर पडताना डॉक्टरबाईंनी त्यांना शेजारच्या खोलीतल्या आरोग्यसेविकेकडे पाठवलं. तिला सगळे ताई म्हणत. या ताईंनी मास्तरांना जे सांगितलं ते ऐकून ते थक्क झाले. अशा रुग्णांचे गट करायचे. गट चालवणारेही रुग्णच, डॉक्टर कोणी नाही. आठवड्यातून एकदा भेटायचं, आपला त्रास सांगायचा, पुढच्या आठवड्यासाठी स्वतःच एक छोटा बेत ठरवायचा आणि तो पार पडेल याची खात्री दहापैकी किती, ते सांगायचं. सातापेक्षा कमी खात्री असेल तर बेत आणखी लहान करायचा.

"आणि सर्वांत मुख्य नियम," ताई म्हणाल्या, "कोणी मागितल्याशिवाय कोणी कोणाला सल्ला द्यायचा नाही."

टेबलाखाली मास्तरांचा पाय करकचून दाबला गेला. "मग करायचं काय?"

"ऐकायचं."

मास्तरांना हा प्रकार पटला नाही, पण त्यांच्या डोक्यात दिवा पेटला. इमारतीतच गट काढला तर दादांना त्या निमित्ताने खाली आणता येईल! शिवाय गटप्रमुख म्हणून आपलं नाव लागेल, हा विचार त्यांच्या मनात आलाच नाही असं म्हणणं अतिशयोक्तीचं ठरेल. दुसरी गटप्रमुख म्हणून मिळाल्या पोस्टातल्या बाई. त्या तिसऱ्या मजल्यावर राहत. खिडकीमागे बसून आयुष्यभर रांगेला शिस्त लावल्यामुळे त्यांना नुसत्या नजरेने माणूस मागे सरकवता येई.

मास्तर लगेच वर जाऊन दादांना म्हणाले, "दादा, मी गट काढतोय. तू यायचंस."

"तू चालवणार?"

"हो."

"मग मी वरच बरा, धाकट्या," दादा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. वहिनी मास्तरांना सोडायला दारापर्यंत आल्या. "भाऊजी, आता तर ते माझ्याशीही बोलत नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

आता जागा हवी. इमारतीचा एक हॉल होता. त्यासाठी समितीकडे अर्ज करायचा. अर्जात 'कार्यक्रमाचा उद्देश' असा रकाना होता. मास्तरांनी ताईंच्या शब्दांत प्रामाणिकपणे लिहिलं, 'कोणीही कोणालाही सल्ला न देणे.' समितीची बैठक यावर इतकी लांबली की दोघांच्या घरून जेवायला बोलावणी आली. प्रत्येकाने या उद्देशावर आपला सल्ला दिला. एकाने तर 'प्रमुख पाहुणे' हा रकाना कोरा असल्याने अर्जच बाद आहे असं म्हटलं.

"आजाऱ्यांच्या सभा घेतल्या तर इमारतीचं नाव काय राहील?" चेअरमन गरजले. या गृहस्थांनी स्वतःचे बूट आरशाशिवाय पाहिल्याला बरीच वर्षं झाली होती. "उद्या कोणी जागा भाड्याने घ्यायला आला तर म्हणेल, इथे काय साथ आहे का?"

शेवटी परवानगी मिळाली आणि हॉल उघडला तेव्हा कळलं की आत जुनी दारं, रंगाचे डबे आणि एक तीन पायांचं टेबल-टेनिसचं टेबल भरलं आहे. टेबलावर तीन कुटुंबांचा हक्क होता आणि तिघांचीही ते हलवायला हरकत होती. त्यामुळे गटाची जागा ठरली ती जिन्याच्या पायथ्याशी, प्रवेशाच्या मोकळ्या जागेत. मास्तरांचा फार अपमान झाला. परवानाधारक शिक्षकाने जिन्याखाली, चपलांच्या आणि मीटरच्या शेजारी बसायचं! पण खुर्च्या मांडल्या आणि लोक आले. मास्तर, पोस्टातल्या बाई, कोपऱ्यावरचे बेकरीवाले आणि आणखी चारपाच जण. शेवटी घसा खाकरत चेअरमन आले. "मी नुसता देखरेखीला आलोय," असं म्हणून ते बसले आणि थोड्या वेळाने त्यांनी हळूच आपली साखर सांगितली. ती सगळ्यांत जास्त होती.

पहिला बेत मास्तरांनी सांगितला. "उद्यापासून पहाटे धावणार. साखर बंद, मीठ बंद, रात्रीचं जेवण बंद."

"खात्री किती?" पोस्टातल्या बाईंनी विचारलं.

"दहापैकी दहा!"

"दोन," तळमजल्याच्या खिडकीतून मास्तरांच्या मंडळींचा आवाज आला.

त्यावर चर्चा होऊन मास्तरांचा बेत कमी कमी होत गेला. धावण्याचं चालणं झालं, रोजचं अधूनमधून झालं. सरतेशेवटी पोस्टातल्या बाईंनी शिक्का मारल्यासारखं जाहीर केलं, "मास्तर या आठवड्यात सकाळचा चहा बिनसाखरेचा घेतील आणि संध्याकाळी बूट घालून फाटकापर्यंत जातील." शेकडो लोकांना हमरस्त्यावर आणणाऱ्या माणसाला फाटकापर्यंतचं ध्येय! मास्तर रात्रभर धुमसत होते. पण खरी आश्चर्याची गोष्ट पुढेच आहे. आठवडाभर त्यांना फाटकापर्यंत जाणंही जड गेलं, आणि तरी ते गेले. असं ठरवलं आणि तसं केलं, हे त्यांच्या हातून किती वर्षांनी घडलं होतं, ते त्यांनाच आठवेना.

बाकी गट मात्र पार बिघडला. बेकरीवाल्यांनी सांगायला सुरुवात केली, "दुकान बंद करताना उरलेला केक टाकवत नाही हो. हाताने केलेला असतो. मग उभ्या उभ्या…"

"काकडी खा!" चेअरमन म्हणाले.

"कमी केक करा!"

"दुकानच विका!" हे मास्तर.

बेकरीवाल्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. दुसऱ्या आठवड्यात तेच, तिसऱ्यात तेच. पाहायला आलेल्या ताई खुर्चीच्या कडेवर बसून सगळं ऐकत होत्या. जाताना म्हणाल्या, "असंच चाललं तर मला हा गट बंद करावा लागेल. हे तर तुम्ही घरी बसूनही करता." गट बंद म्हणजे दादांना खाली आणायची शेवटची वाट बंद.

तेव्हा पोस्टातल्या बाईंनी तो नियम काढला. न मागता जो सल्ला देईल त्याने चौथ्या मजल्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. डॉक्टरबाईंनी ज्याला जिना चालेल म्हटलंय त्याला जिना, बाकीच्यांना आवारात फेरी. घाई करायची नाही, वाटेत बसायची मुभा. नियम एकमताने पास झाला, कारण प्रत्येकाला वाटलं की तो दुसऱ्यांसाठी आहे.

त्या दिवशी मास्तर तीनदा वर गेले. तिसऱ्यांदा तर ते "हा नियम जरा सुधारून असा करा," एवढंच म्हणाले होते. चेअरमन हुशार, त्यांनी सल्ला प्रश्नात गुंडाळला. "तुम्हाला असं नाही का वाटत की काकडी खावी?" चार मजले. मग त्यांनी तो गोष्टीत लपवला. "माझा एक मेहुणा होता, तो काकडी खायचा…" चार मजले. पुढे उसासा टाकणं, भुवया उडवणं आणि 'बघा बुवा' म्हणणं यांनाही दंड लागू झाला. मास्तरांचा पाय दाबला जाणं हा सल्लाच आहे असा निकाल लागला, तेव्हा त्यांनी "हा शरीरधर्म आहे!" असा जोरदार निषेध नोंदवला आणि तो नोंदवून वर चढायला लागले.

इमारतीला आयता तमाशा मिळाला. प्रत्येक मजल्यावर दारं उघडली जात आणि चढणाऱ्यांवर सल्ल्यांचा वर्षाव होई. "नाकाने श्वास घ्या!" "तोंडाने घ्या!" "लिंबू हुंगा!" मास्तरांच्या मंडळी खिडकीतून म्हणत, "अहो, तोंड मिटा म्हणजे पाय थांबतील." त्यांना कोणी नियमाची आठवण करून दिली की म्हणत, "मी कुठे सभासद आहे? मी बोलणार."

आणि तोंडं मिटू लागली. सुरुवातीला भीतीने, मग सवयीने. एका संध्याकाळी बेकरीवाल्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि कोणी मध्ये बोललं नाही. त्यांनी केकचं सांगितलं. मग थांबून त्यांनी सांगितलं की बायको गेल्यापासून रात्री घरी जाऊन एकट्याने जेवायला बसवत नाही, म्हणून ते दुकानातच उभ्याने पोट भरतात. बेकरीवाले बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. मग स्वतःच म्हणाले, "उरलेला केक शेजारच्या वसतिगृहातल्या मुलांना देऊन टाकीन. आणि जेवायचं म्हणाल तर… कोणी बरोबर असेल तर घरी जेवीन." त्यांची खात्री दहापैकी नऊ निघाली. चेअरमन त्यांना जेवायला घरी घेऊन गेले. इतकी वर्षं गाडीत माणसांशेजारी बसून मास्तरांनी एकालाही असं शेवटपर्यंत बोलू दिलं नव्हतं. माणूस गप्प राहिला तर समोरच्याच्या आत एवढं काय काय असतं, हे पाहून ते हबकून गेले. त्यांना ते एखाद्या चमत्कारासारखं वाटलं आणि तसं त्यांनी मंडळींना सांगितलंही.

"मी हे लग्न झाल्यापासून सांगतेय," मंडळी म्हणाल्या.

दरम्यान वरती काय चाललं होतं? चौथ्या मजल्यावर धापा टाकणारी माणसं येऊन टेकू लागल्यावर वहिनींनी दारापाशी एक खुर्ची आणि पाण्याचा तांब्या ठेवला. "कोण आहे बाहेर? कोण एवढं फुसफुसतंय?" असं दादा आतून विचारत. मग एक दिवस ते दार किलकिलं करून बघू लागले. चेअरमन खुर्चीत पालथ्या पोत्यासारखे पसरले होते. दादा तयारीत होते की आता हा इच्छाशक्तीवर बोलणार. पण चेअरमन पाणी प्यायले, "बरं वाटलं" म्हणाले आणि निघून गेले. त्यांना आणखी चार मजल्यांची जोखीम नको होती. बेकरीवाले आले, त्यांनीही काही सांगितलं नाही. दादांना पाहूनही काहीच न सुचवणारी माणसं वर्षभरात प्रथमच त्या दारात येत होती.

"भाऊजी," वहिनी एकदा धावत खाली येऊन सांगून गेल्या, "ते संध्याकाळी आता दारात खुर्ची टाकून बसतात. कोण येतंय म्हणून वाट बघतात!"

मास्तर तडक उठले. आता वर जाऊन दोन शब्द सांगावेत म्हणून त्यांनी चपला घातल्यादेखील.

"बसा खाली," मंडळी म्हणाल्या. "तुम्ही दोन शब्द बोललात की ते दार पुन्हा लागेल."

मास्तर बसले. हे त्यांना फार कठीण गेलं.

ताईंनी ठरवून दिलेली गटाची मुदत संपली तरी कोणी थांबायला तयार होईना. मास्तर पुन्हा तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरबाईंनी फीत लावली, रिपोर्ट पाहिले, पुन्हा फीत लावली. "पाचपैकी आता दोनच बिघडलेले आहेत. काय केलंत तुम्ही?"

"सल्ले दिले," मास्तर म्हणाले.

बाहेर येऊन त्यांनी आपले पाय पाहिले. साधेच पाय, तेच जुने बूट. आपल्या आत एवढा मोठा कारखाना रात्रंदिवस चालतो, आपण त्याची इतकी आबाळ केली, आणि थोडं चाललो, थोडं गप्प बसलो एवढ्यावर तो रुसवा सोडून कामाला लागला! मास्तरांना एकदम भरून आलं. त्यांनी रस्त्यात उभ्या उभ्या नाक पुसलं. पण लगेच दादांची आठवण आली. दादांचे आकडे अजून वरच होते आणि दादाही.

त्या आठवड्याच्या सभेत चेअरमननी नवा बेत सांगताना काहीतरी अचाट सांगितलं आणि मास्तरांच्या भुवया वर गेल्या. दंड झाला. मास्तर जिना चढून चौथ्या मजल्यावर पोचले. दादा दारात खुर्ची टाकून बसलेच होते. काही दिवसांपासून त्यांचं सगळं लक्ष येणाऱ्यांच्या पावलांकडे असे.

मास्तर शेवटच्या दोन पायऱ्या चढत असताना दादांना राहवलं नाही. "अरे, टाचा हवेत काय ठेवतोस? अर्धं पाऊल टाकायला पायरी एवढी रुंद काढतात का आम्ही? सबंध पाऊल टाक! आणि वळणावर भिंतीच्या बाजूने ये, तिथे पायरी रुंद असते."

जिन्याच्या मधल्या पोकळीतून हे शब्द खणखणीत खाली गेले. खालची सभा गप्प झाली.

"सल्ला कोणी दिला?" पोस्टातल्या बाईंचा आवाज वर आला.

"वरून आला," बेकरीवाल्यांचा आवाज.

दादा चपापले. मग कठड्यापाशी येऊन त्यांनी खाली तोंड करून उत्तर दिलं, "मी सल्ला दिला नाही. ही तांत्रिक माहिती होती."

"पहिल्या दिवशी मीही हेच म्हणालो होतो, दादासाहेब," चेअरमन खालून म्हणाले. "चार मजले पडले."

"ते सभासद नाहीत," पोस्टातल्या बाई म्हणाल्या. "बाहेरच्यांना दंड नाही. तुम्ही बसा, दादासाहेब."

हे 'बसा' दादांना लागलं. त्यांचा चेहरा लाल झाला. "बाहेरचा? मी या इमारतीतला सगळ्यात जुना माणूस आहे! दंड चुकवणाऱ्यातला वाटलो का मी?" आणि ते कठड्याला धरून पहिल्या पायरीपाशी येऊन उभे राहिले.

दारात वहिनींच्या हातातून पेला पडला. मास्तरांच्या ओठांवर एकदम दहा वाक्यं आली. दादा, थांब. दादा, हळू. आज नको, उद्या. माझा हात धर. त्यातलं एकेक वाक्य त्यांनी गिळलं. ते नुसते एक पायरी खाली जाऊन उभे राहिले.

दादांनी सबंध पाऊल पायरीवर ठेवलं. मग दुसरं. चौथ्यावरून तिसऱ्यावर यायला त्यांना बराच वेळ लागला. तिथे ते बसले, पुन्हा उठले. मजल्यामजल्यावर नेहमीप्रमाणे दारं उघडली, आणि काय झालं कोण जाणे, जी माणसं शिंकेलाही सल्ला देत ती सगळी तशीच उभी राहिली. उलट्या पावलांवाल्या शेजारीणबाई तोंडावर हात धरून उभ्या होत्या. मास्तरांच्या मंडळीसुद्धा खिडकी सोडून जिन्याच्या तोंडाशी आल्या होत्या आणि सभासद नसूनही काही बोलत नव्हत्या. सबंध इमारतीत दादांच्या पावलांशिवाय आवाज नव्हता.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दादा थांबले.

"इथेच," ते म्हणाले.

मास्तर एक पायरी खाली भिंतीला टेकले.

"पडलो तेव्हा भोवती एवढी माणसं जमली होती, आणि सगळी सांगत होती. पाणी द्या, पाणी देऊ नका. उठवा, उठवू नका. मी खाली पडून वर बघत होतो आणि वाटत होतं, आता मला कधी माझं माझं काही कळणारच नाही." दादांनी श्वास घेतला. "पडायची भीती नाही रे एवढी. पुन्हा तसं खाली पडून ऐकायची भीती."

मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. दादांनी एक हात भिंतीला टेकवला. मग भिंतीच्या बाजूने, पायरी जिथे रुंद होती तिथून, वळण उतरले.

खाली सगळे उभे होते. बेकरीवाल्यांनी एक खुर्ची वर्तुळात ओढली. दादा बसले, घाम पुसला, वर्षभराने दिसलेल्या फाटकाकडे आणि रस्त्याकडे पाहिलं. टाळ्या वाजवाव्यात असं सगळ्यांना वाटत होतं, पण टाळी हा सल्ला धरला जातो की काय याची कोणाला खात्री नव्हती.

पोस्टातल्या बाईंनी घसा साफ केला. "दादासाहेब, काही सांगायचंय?"

"सांगायचं नाही. विचारायचंय." दादांनी मास्तरांकडे पाहिलं. "धाकट्या, आता वर कसं जायचं?"

सभेत खळबळ उडाली. दादांनी मागितला होता! राजरोस, नियमाप्रमाणे, सगळ्यांसमक्ष सल्ला मागितला होता. चेअरमननी आशाळभूतपणे आवंढा गिळला, पण प्रश्न मास्तरांना होता. थोरल्या भावाने धाकट्याला असं काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. वर्षभर ज्याची तालीम करत होते ते भाषण आता करायला मास्तरांना कोणाची आडकाठी नव्हती. त्यांनी तोंड उघडलं. आत काही नव्हतं. नुसता समोर बसलेला दादा होता, घामाने भिजलेला आणि खाली आलेला.

"मला नाही माहीत, दादा," ते म्हणाले. "आपण चढून बघू."

दादांनी मान डोलावली. चहा झाला, बेत सांगून झाले, दिवे लागले आणि मग दोघे उठले. एक पायरी, मग थांबायचं, मग एक पायरी. पहिल्या मजल्यापाशी दादा कठड्याला टेकले. दम परत यायला वेळ लागला. वरती वहिनी कठड्यावरून वाकून बघत होत्या.

"पुढची सभा कधी असते तुमची?" दादांनी विचारलं.

"पुढच्या आठवड्यात."

"एवढ्या उशिरा?" दादा म्हणाले.